पाण्यात उभी असताना

एझेलिनाचं पहिलं बाळंतपण अडलं; बाळ पोटातच गेलं आणि जाताना तिच्या आत एक भोक पाडून गेलं. तेव्हापासून तिची लघवी थांबत नव्हती. दोनदा टाके घातले, दोन्ही वेळा उसवले. नवऱ्याने दुसरं घर केलं. चर्चमध्ये तिच्या शेजारचा बाक रिकामा राहू लागला, मग तिने जाणंच सोडलं. सरोवराकाठी आईच्या घरामागे एक झोपडी होती, तिथे ती राहायची.

इस्पितळातून बोलावणं आलं तेव्हा तिला वाटलं, तिसरं ऑपरेशन.

पण तिथे तेम्वा नावाची शहरातली मुलगी भेटली. अशाच दुखण्याच्या आणखी चार बायका होत्या. प्रत्येकीने आपली कहाणी आपल्या आवाजात सांगायची, तेम्वा त्यावर फोटो बसवून छोटा व्हिडिओ करणार. एझेलिनाची पाळी आली. माइक पुढे आला, तसं तिने हळूच विचारलं, "मी नीट सांगितलं, तर डॉक्टर घेतील ना मला?"

तेम्वाचा हात थांबला. "ताई, याचा ऑपरेशनशी संबंध नाही. तुमचे टाके आता धरणार नाहीत, असं डॉक्टर म्हणालेत. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

"नाही."

ती उठून बाहेर गेली. झाडाखाली मातीत बसली; मातीत बसलं की ओलं झाल्याचं दिसत नाही. बायका जेवायला हाका मारत होत्या. तिला घरी जायचं नव्हतं, इथे थांबायचं नव्हतं, आणि तिसरी जागा तिच्यापाशी नव्हती. सगळ्यांचं जेवण उरकल्यावर ती आत आली.

"लाव तुझं ते यंत्र," ती म्हणाली. "दुखण्याचं सगळ्या गावाला माहीत आहे. ते नाही सांगत मी."

मग तिने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात माझी ओली झालेली, पायांत बांधायची फडकी धुवायला गेले, ती फडकी काठावर ठेवून सरोवरात शिरले. परत यायचं नाही असं ठरवून. गळ्यापर्यंत पाणी आलं आणि मी थांबले. तिथे मी आणि पाणी सारखेच ओले होतो, वास येत नव्हता. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. म्हणून उभी राहिले. मग थंडी वाजली, घरी आले.

तेम्वाने व्हिडिओ तिच्या फोनमध्ये घालून दिला. "हवं त्यालाच दाखवा. कुणालाच नाही दाखवलात तरी चालेल."

ती घरी परतली त्या दुपारी आई अंगणात मासळी वाळत घालत होती. एझेलिनाने फोन तिच्यासमोर धरला. आईने एकदा ऐकलं. "पुन्हा लाव," म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकताना तिचे खवल्यांनी भरलेले हात मांडीवर तसेच पडून होते.

"त्या दिवशी उशिरा आलीस म्हणून मी तुला बोलले होते," ती म्हणाली. "घाण बाई, म्हणाले होते."

"हो."

आईने मासळी उलटायला घेतली, पण उलटलेलीच पुन्हा उलटत राहिली.

दुसऱ्या दिवशी एझेलिना फडक्यांची बादली घेऊन निघाली, तर आई मागे. तिसऱ्या दिवशीही.

"आई, मी काही रोज बुडायला जात नाही."

"मी रोज धुवायला येते. तुझं काय जातं?"

"तुझे गुडघे दुखतात."

"माझे गुडघे मी बघेन."

काठावर शेजारची नासिबेको कपडे घासत होती. या दोघी येताच तिने नेहमीसारखी बादली उचलली आणि लांब जाऊन बसली. एझेलिनाने मान खाली घातली. ती रडत होती. व्हिडिओने काही थांबलं नव्हतं, पायावरून धार वाहतच होती. आई कमरेपर्यंत पाण्यात उतरली, मागे वळली आणि हात पुढे केला.

"ये. मी आहे इथे. जरा वेळ उभ्या राहू, मग जाऊ घरी."