बनुबाईंचा अर्धा आवाज

मी हार्ड डिस्क बोलतेय. पंजाएवढी, लोखंडी कवचातली. श्रीगोंद्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पंकज सरांनी १९९९ साली मला आणि माझ्या जोडीदारणीला पुण्याहून आणलं. लॅबच्या लिनक्स मशीनमध्ये आम्हाला शेजारी-शेजारी बसवलं.

हे मशीन सुरू होताना जी डिस्क आधी दिसेल तिला ‘ए’ म्हणतं, पुढचीला ‘बी’. मी ए झाले, ती बी. सरांनी आम्हा दोघींचा मिळून एकच मोठा साठा केला. काहीही लिहायचं तर एक तुकडा माझ्यावर, पुढचा तिच्यावर, परत माझ्यावर. एकटीजवळ काहीच पुरतं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात सरांच्या आईच्या, बनुबाईंच्या, घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बनुबाई म्हणजे वस्तीचा गळा. बारसं असो, लग्न असो, भीमजयंती असो, गाणं त्यांचंच. आणि घरात सून दीपा गरोदर.

ऑपरेशनपर्यंत सर रोज त्यांना लॅबमध्ये आणत, पुढ्यात माइक धरत.

“आई, दमलीस तर थांब.”

“थांबून काय करू? मागनं थांबायचंच हाय. दाब तुजं बटन.”

त्या गायल्या. पाळणे गायल्या. मधेच गाणं सोडून न जन्मलेल्या नातवंडाशी बोलू लागल्या, “बाळा, मी तुजी आजी. लई वटवट करनारी बाई हुते मी.” सरांनी तोंड फिरवलं. आम्ही दोघी फिरत राहिलो, तुकडा तुकडा वाटून घेत.

ऑपरेशन झालं. नात झाली. बनुबाई तिला मांडीवर घेऊन ओठ हलवत, पण गळ्याच्या भोकातून नुसता वारा येई. सर हे लॅबमध्ये कुणाला तरी सांगत होते. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, या आवाजाची दुसरी प्रत करायची. त्यासाठी तिसरी डिस्क आणली.

दुपारी त्यांनी ती बसवली, नेमकी आमच्या अलीकडच्या, मशीनला आधी दिसणाऱ्या जागेवर. मशीन सुरू झालं आणि आमची नावं सरकली. नवी झाली ए, मी बी, माझी जोडीदारीण सी.

दीपा बाळाला घेऊन आली होती. “अहो, नीट बघितलंत ना?”

“तिसरी आणली म्हणजे सी. त्यात काय बघायचं? कोरी आहे, आधी पूर्ण तपासून घेतो.”

ती तपासणी डिस्कभर लिहीत जाते. आधीचं काहीच उरत नाही. सरांनी ‘सी’ टाइप केलं आणि बाळाला घेऊन बाहेर कडुलिंबाखाली गेले. शेजारी माझी जोडीदारीण पुसली जात होती. ती निमूट फिरत होती, कारण सांगितलेलं काम करणं एवढंच आम्हाला येतं.

परत येऊन त्यांनी साठा उघडायला घेतला. उघडेना. त्यांनी झाकण काढलं, डिस्कांवरचे नंबर पडद्याशी ताडून पाहिले आणि ते तिथेच फरशीवर बसले.

“काय झालं?” दीपाने विचारलं.

“आईला मीच पुसलं.”

पुढे त्यांनी माझ्यावरचे तुकडे एकेक करून शोधले, रांगेत लावले आणि बनुबाईंना आणून खुर्चीवर बसवलं. स्पीकरमधून आवाज आला, “झोप माझ्या पाख...” मग शांतता. मग “...ळंला जायचं.” पुन्हा शांतता. त्या प्रत्येक शांततेत बनुबाईंचे ओठ हलत होते. राहिलेले शब्द त्यांना पाठ होते. येत होता फक्त वारा. शेवटी त्यांनी पंकजच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवून खुणेनं सांगितलं, बंद कर.

तेव्हापासून मी कपाटात आहे. प्रत करायचं नाव सरांनी पुन्हा काढलं नाही. मला घरघर लागली आहे. एखाददुसऱ्या वेळेपलीकडे मी काही फिरणार नाही. सर, ती एक वेळ पोरीसाठी ठेवा. ती मोठी झाली की ऐकवा. आणि तिला एवढं जरूर सांगा, आजी अशी तुटक बोलत नव्हती.