भिंतीवरचं ऑरगॅनिक

हिर्डोशीच्या वैष्णवीनं ऑरगॅनिक केमिस्ट्री सगळ्या घराला चिकटवली होती. गव्हाच्या पिठाची खळ करून एकेका अभिक्रियेचा कागद तिनं भिंतीला लावला. दाराशी अल्कोहोल, चुलीमागं अल्डिहाइड, कणगीच्या वर ॲसिड, आणि जागा पुरेना तेव्हा गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावर, ॲनिलीन. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला ऑरगॅनिकनंच तिला बुडवलं होतं, आणि वडिलांनी सांगून टाकलं होतं, "यंदा न्हाई जमलं, तर गुमान भोरच्या कॉलेजात नाव घालायचं. तिसऱ्यांदा न्हाई."

येता-जाता वाचायचं, ही तिची युक्ती. तिची चुलती मंगलकाकू टोमणा मारल्याशिवाय राहत नसे.

"वैशे, जाळ मोठा केला तर तुजं अल्डिहाइड करपंल का गं?"

"काकू, तुमी भाकरी थापा."

"थापते की. पन तिला कागुद चिकटवू नगंस."

परीक्षा तोंडावर आली आणि गावची जत्राही. वैष्णवी भोरला क्लासला गेली, तेवढ्यात काकूनं घर सारवायला काढलं. पोरगी एसटीतून उतरून घरी येते तर भिंती कोऱ्या. कागद सगळे एका पाटीत, ओलेचिंब, एकमेकांना चिकटून बसलेले.

"काकू! काय केलं हे?"

"पावनं येनार. त्यास्नी काय ॲसिड दावायचं?"

वैष्णवी कागद सोडवायला गेली, तर ते हातातच फाटले. डोळे मिटले तर तिला चूल दिसे, कणगी दिसे. पण चुलीपासून कणगीपर्यंत जायचं कसं, ते आठवेना. ते ठाऊक होतं फक्त कागदांना.

तिचं तोंड बघून काकू वरमली. "रडू नगंस. म्या जागा दावते, तू सांग. दाराशी कोन व्हतं?"

"अल्कोहोल."

"त्याला दारातच उभा करायचा. फुडं?"

"त्यातला हायड्रोजन काढला की अल्डिहाइड."

"कुनी काढला? का म्हून?"

वैष्णवी अडली. पुस्तक उघडून बघितलं, मिटलं आणि आपल्या शब्दांत सांगितलं. काकूला ओ की ठो कळलं नाही, पण तिचं 'फुडं?' काही थांबेना. धुणं धुताना, पाहुण्यांना वाढतानासुद्धा ती भिंतीकडं बोट करी, आणि वैष्णवी कोऱ्या भिंतीकडं बघून धडाधड बोलत सुटे. जत्रेच्या पाहुण्यांना वाटलं, पोरीच्या अंगात आलंय.

परीक्षा पुण्यात झाली. पेपर देऊन वैष्णवी बाहेर आली तेव्हा काकू डबा घेऊन झाडाखाली बसलेली.

"व्हईल का यंदा?"

"व्हईल, काकू. ऑरगॅनिक सगळं आलं. एकच अडलं."

"कंचं?"

"ॲनिलीनचं. त्याची उजळणीच राहिली बघा. तुमी गोठ्याकडं कधी बोटच केलं न्हाई."

काकूनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"त्यो कागुद पाटीत नव्हताच, बाय. खळीच्या वासानं म्हशीनं खाल्ला. म्हनलं, सांगून पोरीला घोर कशाला लावा."

वैष्णवीला हसता हसता ठसका लागला. "मग घरी गेल्यावर तिलाच इचारते."

"इचार. रवंथ करत असंल अजून."