नावाच्या ओळीवरची थाप

मी अणदूरची दिमडी बोलतेय. थाप बसल्याशिवाय तोंड न उघडणारी, म्हणून आज स्वतःच थाप मारून घेतलीय म्हणा!

शेळीचं कातडं आणि आंब्याच्या लाकडाचं कडं, असा माझा जन्म. गोरोबा सुतारानं मला घडवलं आणि महांतप्पा वाण्यानं दुकानातल्या खुंटीला टांगलं. मागंच निजाम सरकारची उर्दू शाळा. पोरांबरोबर मीही अलिफ-बे ऐकलं. पण माझी एकच बाजू मढवलेली, दुसरी सताड उघडी. शिरलेलं सगळं निघून गेलं. पोरांचंही तेच झालं, पण त्यांना दोन्ही बाजूंनी कातडं होतं.

महांतप्पा गूळ तोलता तोलता गाणी रची. तागडी इकडं झुकली की एक ओळ, तिकडं झुकली की दुसरी. गिऱ्हाईक ताटकळायचं. आतून त्याची बायको गंगम्मा ओरडायची, "अय्यो शिवा! गूळ द्या आधी, देव कुठं पळून चाललाय?"

रविवारी खंडोबाच्या ओट्यावर मंडळी गायला जमायची, महांतप्पा मला घेऊन जाई. तिथली रीत अशी, की शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव यायलाच हवं. बिननावाच्या गाण्याला कुणी साथ धरत नसे. आणि इथंच आमचा वाणी अडायचा. ज्यांच्याबरोबर गोट्या खेळला त्यांच्यापुढं 'महांत म्हणे' कसं म्हणायचं? मग ओळीत नाव घाली, पण नाव आलं की माझ्या पाठीत असा धपाटा हाणी, की नाव कुणाला ऐकूच जाऊ नये. लाजायचा तो, मार खायचे मी!

"गाणं कुणाचं रं?" गुरुसिद्धप्पा विचारायचा. हा त्याचा लंगोटीयार.

"नळदुर्गाच्या एका बुवाचं." महांतप्पा जमिनीकडं बघून सांगायचा.

मग देवाची नळदुर्गाला जायची वेळ आली. अणदूरचा खंडोबा दरसाल तिकडं मुक्कामाला जातो. गुरुसिद्धप्पा म्हणाला, "औंदा पालखीमागं जाऊ, आन् बुवाच्या पाया पडू. तूच घर दाखव."

महांतप्पा पेचात पडला. बुवा आणायचा कुठून? खरं सांगितलं तर मित्र म्हणणार, स्वतःची टिमकी वाजवतोय. न सांगावं तर आपली गाणी जन्मभर दुसऱ्याची.

निघायच्या आदल्या रविवारी तो गायला उभा राहिला.

"भंडाऱ्यानं हात पिवळे देवा, मन कवा व्हावं?
महांत वाणी म्हणे, मला तागडीत तोलावं."

नावाच्या जरा आधीच धपाटा बसला आणि मी टर्रकन फाटले! पुढं सगळं चिडीचूप. त्या शांततेत 'महांत वाणी' हे नाव देवळाच्या घंटेपर्यंत गेलं.

तो कानापर्यंत लाल झाला.

गुरुसिद्धप्पा उठला. "सापडला एकदाचा बुवा! येड्या, आमी कवाच वळखलं हुतं. ह्या गाण्यात गूळ, त्या गाण्यात तागडी. बुवा हाय का किराणा?" त्यानं पिशवीतून नारळ काढून महांतप्पाच्या हातात ठेवला. "बुवासाठी आणला हुता. तुझ्याच दुकानातनं घेतला, तवाबी तुला कळलं न्हाय!"

सगळे खो-खो हसले. आणि महांतप्पा नारळ छातीशी धरून रडला.

"आता पुन्यांदा म्हण. दिमडी फाटली तर आमी टाळ्या वाजवतो," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

तो गायला. नाव घेतलं, हळूच, पण घेतलं. मित्रांनीच ती ओळ उचलून धरली.

फाटकी दिमडी कुणीही उकिरड्यावर टाकली असती. महांतप्पानं मला नवं कातडं चढवलं, भंडारा लावला. आता तोही म्हातारा, मीही सैल पडलेय. पण नावाच्या ओळीला तो मला नुसतं बोटांनी कुरवाळतो. एवढं सुख कुठल्या चामड्याला मिळतं? त्याचे उपकार, गुरुसिद्धप्पाचे उपकार, ज्या शेळीची मी, तिचेही उपकार.

तेव्हा बाबांनो, काही रचलं असेल तर यारदोस्तांपुढं नाव घेऊन टाका. त्यांना बहुतेक आधीच ठाऊक असतं. उगाच कुणा गरीब दिमडीची पाठ सोलू नका.

आणि मी त्या वेळी आपसूक फाटले की मुद्दाम? थाप मारून बघा, सांगते का!