कोंड्याची करणी

"ऐका! करणी बोलतेय!" बाबांनी माईक बाईच्या पोटाला लावला आणि गुर्रर्र... गुडगुड... असा आवाज भोंग्यांतून सभागृहभर घुमला. बाई रडू लागली. भरल्या सभेच्या माना झुकल्या.

सकाळी शुद्धिचूर्णाचा पेला, दिवसभर प्रवचन आणि संध्याकाळी माईक. ज्याच्यावर करणी, त्याचं पोट बोलणार! मग रोज चूर्ण घेतलं की काही दिवसांत पोट साफ, आवाज बंद, करणी पसार.

"आणि डॉक्टरची औषधं, बाबा?" एका भक्तानं विचारलं.

"औषधानं करणी झोपते रे बाळा. झोपलेल्या चोराला घराबाहेर कसा काढशील?"

या एका वाक्यावर माझ्या मधुमेही ताईनं इन्सुलिन सोडलं. मग उलट्या, धाप, बेशुद्धी. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बाबांनी प्रवचनात सांगितलं, "तिच्या मनात शंका होती. शंकेनं मारलं तिला." आणि आमचे भावोजी लेकीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत मान डोलवत होते.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. रडणं नंतर, असं ठरवलं. ताईच्या फडताळातलं चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. गव्हाचा कोंडा आणि बार्लीचं पीठ, दुसरं काही नाही. बाबा स्वतः काय खातात, हेही त्यांच्या स्वयंपाक्याकडून गोडीत काढून घेतलं. पांढरा पाव, लोणी, साखर. कोंड्याचं आणि त्यांचं सात जन्मांचं वैर. मला एवढंच हवं होतं.

पुढच्या सभेत, पेले वाटले जात असताना, मी व्यासपीठावर चढले.

"बाबा, तुम्ही जिला 'शंकेनं मारलं' म्हणालात, तिची मी धाकटी बहीण. तुमच्या पोटात करणी असेल का हो?"

"माझं पोट? आरसा आहे बेटा, आरसा!"

"मग आज आमच्यासोबत तुम्हीही घ्या. तुमचं पोट गप्प राहिलं की सगळ्यांच्या शंका फिटतील. माझीसुद्धा."

"सिद्धाला चूर्ण कशाला..." बाबा पुटपुटले, पण भक्तांनीच जयजयकार करून त्यांना कोंडीत पकडलं. एकाच पिंपातून मी दोन मोठे पेले भरले. एक त्यांनी घेतला, एक मी. मग मी त्यांच्या समोर ठाण मांडून बसले.

दुपार कलली तसं प्रवचन अडखळू लागलं. बाबांच्या कपाळावर घाम आला.

"जरा आत जाऊन येतो."

"करणीवाल्यांना तुम्ही कधी उठू देता का, बाबा? बसा."

संध्याकाळी माईक मी उचलला. आधी माझ्या पोटाला लावला. गुडगुडलं. मग त्यांच्या. अहाहा! भोंगे थरथरले. पाठोपाठ असा एक आवाज आला, की तो ओळखायला माईकची गरज नव्हती. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सारं सभागृह फुटलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. तो मी डोळे भरून पाहिला. खोटं कशाला बोलू?

"ही करणी नाही," मी म्हणाले. "कोंडा आपल्याला पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात जातो. तिथले अब्जावधी जिवाणू त्यावर तुटून पडतात, त्याला आंबवतात. आंबलेलं पीठ फुगतं ना, तसाच इथेही वायू होतो. ज्याला सवय नाही, त्याचं पोट जास्त वाजतं."

"मग पुढे पोट गप्प होतं ते कसं?" एका आजोबांनी विचारलं.

"जिवाणूंना ते खाणं सवयीचं होतं, आजोबा. कोंड्यावर पोसले जाणारे उपयोगी जिवाणू वाढतात, पोट साफ होतं. श्रेय कोंड्याचं, आणि लाटलं यांनी."

भावोजी उठले. कालपर्यंत 'बाबा, बाबा' करणारा माणूस थेट एकेरीवर आला.

"हे कोंड्यानं होतं, तर तिची सुई का सोडायला लावलीस?"

"मी... मी सक्ती नव्हती केली."

"पण झोपलेला चोर म्हणाला होतास!"

भावोजींनी त्याच पावली पोलिसांत तक्रार दिली. साक्षीला अर्धी सभा आली. बाबा आज कोठडीत आहे. सुटकेसाठी रदबदली करायला त्याची बायको आली, तेव्हा मी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि लावलं. मला दया आली नाही.

कोंडा जरूर खा, बेताबेतानं वाढवत खा, चांगला असतो. पण तो इन्सुलिनचं काम करत नाही. कुठलंच चूर्ण करत नाही. तुमचं औषध सोडवणारा कुणी भेटला, तर त्याला हात जोडू नका. त्याचा हात धरा आणि विचारा, "पुरावा काय?" माझ्या ताईनं विचारलं नाही. तुम्ही विचारा.