प्रीतिभोजनाला आणलेला डबा

डब्याचं झाकण टक् करून बसलं आणि तासाभराची शांतता मोडली.

खुडलेल्या मिरचीच्या डब्याला झाकण लावलं होतं अनुसयाबाईंनी. शनिवारची दुपार होती. समोरच्या खोलीत पोत्यावर भिवापुरी मिरचीचा ढीग, ढिगाच्या अलीकडे सासू, पलीकडे सून, आणि दोघींच्या मांडीशी खुडलेल्या देठांचे लहान लहान ढिगारे. मिरची खुडताना बायका बोलतात, निदान शिंकतात तरी. पण आज अस्मिता मुकाट्यानं देठ मोडत होती आणि सासू मुकाट्यानं तिच्याकडे बघत होती.

"काहून वं," अनुसयाबाई म्हणाल्या, "सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसली."

"चंपतकाका उद्या उत्तर मागणार आहेत, आई."

"मंग दे ना. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. तिसरं काही आहे काय?"

तिसरं काही नव्हतं, तिथंच तर अडलं होतं.

चंपतराव त्यांच्याच चर्चच्या मंडळीतले. उमरेड रोडला त्यांचा मसाल्याचा कारखाना, आणि माल पार कुहीच्या पलीकडच्या खेड्यांपर्यंत जायचा. अनुसयाबाईंनी बारा वर्षांपूर्वी एक हंगाम त्या कारखान्यात काम केलं होतं. काळी पडलेली मिरची, देठं, जुनं बी, सगळं एकत्र दळायचं आणि तेलात रंग कालवून चोळायचं. आठवडाभर साबणानं घासूनही त्यांच्या तळहाताचा लाल रंग गेला नव्हता. मिरचीनं हात जळतो, रंगत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्या पुन्हा कामावर गेल्या नाहीत. घरात बोलल्या, बाहेर बोलल्या नाहीत.

आता मोठे व्यापारी आधी नमुना मागत, तपासून घेत, मगच माल उचलत. म्हणून चंपतराव गेल्या रविवारी अस्मिताला चर्चच्या पायरीवर गाठून म्हणाले होते, "नमुना तुझा, माल माझा. तुले फक्त नमुन्यापुरती मिरची करायची आहे. बारा महिने उचलतो. अन् कांडपाची मशीन तुझ्या दारात बसवून देतो, नवी कोरी. पुढच्या रविवारी हंगामाचा सण आहे, तेव्हा सांग."

मशीन. अस्मिता घरीच तिखट करून पाकिटं विकायची, आणि तीन वर्षं त्या मशीनचं स्वप्न बघत होती. शेजारच्या गल्लीत कांडपाला नंबर लावायचा, आपल्या आधी कोणीतरी हळद दळून गेलेली असायची, मग पहिली दोन किलो मिरची पिवळट निघायची आणि ती बाजूला काढावी लागायची. तिच्या मिरचीत दुसरं काही चालत नव्हतं, तिला स्वतःलाच चालत नव्हतं. नवरा भूपेश रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. तो म्हणाला होता, "तू जे ठरवशील ते," आणि ड्युटीला निघून गेला होता. अशा वेळी नवऱ्यानं जरा भांडावं तरी, असं तिला वाटून गेलं.

पण गोष्ट नुसती मशीनची नव्हती. जे तिनं सासूलाही सांगितलं नव्हतं ते असं, की नऊ वर्षं शेवटच्या बाकावर बसून ती पहिल्या बाकावरची चंपतरावांची मान बघत आली होती. चर्चची नवी फरशी त्यांची, पंख्यांवर नाव त्यांचं. त्यांना कधी ताप येत नसे. प्रवचनात ते डुलक्या घेत, आणि तरी उपासना संपली की पाळकसाहेबांचा हात आधी त्यांच्याच हातात. देवा, मी देठ न् देठ वेगळा करते, आणि तू बघतोस कोणाकडे? एकदा तर तिनं त्यांचा कारखाना बंद पडावा म्हणून प्रार्थना केली होती. शेवटी आमेन म्हणायची मात्र तिची हिंमत झाली नव्हती.

"आई, हात?" दारातून रोशनीनं विचारलं. ती पाच वर्षांची होती आणि मिरचीच्या दिवसाचा नियम तिला पाठ होता.

अस्मितानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि वाकली. रोशनी धावत आली आणि तिनं आपलं कपाळ आईच्या कपाळाला लावलं. त्या दिवशी गालाला हात नाही, डोळ्याला नाही, वेणीसुद्धा आजीची. कपाळ तेवढं चालायचं.

"तुझं डोकं गरम आहे," रोशनी म्हणाली.

"विचार करून राहिली ना तुझी माय," आजी म्हणाली.

*

हंगामाच्या सणाला ज्याच्या घरी जे पिकतं, जे बनतं, ते वेदीपुढे आणून ठेवायचं. उपासना झाली की आवारात त्याचाच लिलाव. घेणारा मनात आलं तर वस्तू परत देतो, ती पुन्हा लिलावात उतरते. एखादा भोपळा तीन घरांचा होतो आणि शेवटी एकाही घरी जात नाही. नंतर सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन, एकाच पंगतीत, एकाच गंजातलं, म्हणजे एकाच मोठ्या पातेल्यातलं.

त्या सकाळी वेदीपुढे संत्र्यांची टोपली होती, तांदळाचं पोतं होतं, दोन कोंबडे पाय बांधून ठेवले होते आणि ते स्तुतिगीतात मधेमधे भाग घेत होते. अस्मिताचं अर्ध्या किलोचं पाकीट त्या सगळ्यात कोपऱ्यात उभं होतं. तिनं डोळे मिटले, पण प्रार्थना येईना. येत होती ती फक्त मशीन.

मधेच उठून ती स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेली, कारण रश्श्यावर तिची नेमणूक होती. महिला मंडळाच्या बायजाबाई दोन मोठ्या गंजांपुढे कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. मटण शिजत आलं होतं. आता तेल तापवून त्यात तिखट सोडायचं आणि ती लाल तर्री वरून ओतायची, एवढंच राहिलं होतं. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात चंपतरावांनी दान दिलेली तिखटाची पाकिटं होती.

"पाह्य, किती चकचकीत," बायजाबाई म्हणाल्या. "लिलाव होऊ दे, मंग तर्री करू. गरम गरम वाढता येते."

बाहेर लिलाव रंगला होता. अस्मिताचं पाकीट पुढे आलं, दोघातिघांनी बोली लावली, आणि चंपतरावांनी खुर्चीतूनच हात वर करून अशी बोली लावली की पुढे कोणी तोंड उघडलं नाही. टाळ्या पडल्या. दरवर्षी ते जिंकलेलं सगळं परत देत. पण हे पाकीट त्यांनी परत दिलं नाही, मांडीवर ठेवलं. शेडच्या दारातल्या अस्मिताकडे बघून त्यांनी भुवई उडवली. जेवण झाल्यावर सांगते, असं तिनं हातानं खुणावलं.

तेवढ्यात त्यांची सून ऋतुजा आत आली. अस्मिता आणि ती लहानपणी एकाच संडे स्कूलमध्ये होत्या. आता ऋतुजाच्या साडीकडे बघून अस्मिता आपला पदर सारखा करायची. ऋतुजाच्या हातात स्टीलचा डबा होता.

"एक मिनिट चुलीवर ठेवू देते काय वं? बाबांचं जेवण आहे."

"प्रीतिभोजनाले डबा?" बायजाबाईंनी विचारलं. "कोण जेवते असं?"

"पथ्य आहे त्यांचं," ऋतुजा म्हणाली. बायजाबाई भात बघायला गेल्या तशी ती अस्मिताच्या कानाशी आली. "पथ्य-बिथ्य काही नाही वं. आमच्या कारखान्याचं पाकीट आमच्या घरात येत नाही. इथं तर्री त्याचीच होणार, म्हणून हा डबा. अन् बाहेरचंही कोणाचं खात नाहीत. लग्नात नाही, माझ्या माहेरी नाही. त्यांना वाटते सारेच मिसळून राहिले. माझ्या हातचंसुद्धा आधी वास घेऊन पाहतात. तुझं पाकीट कशाले ठेवलं, कळलं ना? घरी न्यायले."

"अन् तुम्ही लोकं?"

"आम्ही काय. मलाही डबाच आहे." ती हसली, पण नीट हसली नाही. "माझी पोरगी गोपिका मात्र ऐकत नाही. प्लेट घेऊन पळाली."

अस्मितानं शेडच्या दारातून पाहिलं. चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीत चंपतराव एकटे बसले होते. येणारा-जाणारा त्यांना सलाम करत होता आणि ते मान हलवत होते. समोर सतरंज्या अंथरल्या जात होत्या, म्हातारे गुडघे सावरत बसत होते, पोरांची रांग लागली होती. एवढ्या मोठ्या आवारात भूक लागलेला आणि तरी पंगतीपासून लांब बसलेला माणूस एकच होता. ज्यानं फरशी दिली, पंखे दिले, तिखट दिलं, त्याला इथलं एक घास अन्न चालत नव्हतं, कारण त्यात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नऊ वर्षं ती मानेकडे बघत होती. तोंड आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

आणि मनातला तो हेवा, जो जावा म्हणून तिनं उपासही केले, रडूनही पाहिलं, तो कोणी हळूच उचलून नेल्यासारखा गेला. देवानं तिला कमी दिलं होतं असं तिला वाटत आलं होतं. तिच्या घरात चार माणसं एका ताटाभोवती बसत आणि कोणी कोणाच्या भाजीचा वास घेऊन पाहत नसे. हे तिनं कधी देण्यात धरलंच नव्हतं. प्रभू, मी किती वेडी, ती मनात म्हणाली, आणि या वेळी आमेन आपोआप आलं.

ती हात पुसत चिंचेखाली गेली.

"सलाम, काका."

"सलाम. ठरलं काय वं?"

"ठरलं. नाही जमणार."

त्यांनी तिला खालीवर पाहिलं. "भाव खाऊन राहिली काय? दोन मशिनी देतो."

"एकही नको, काका. माझी मिरची माझ्याच पाकिटात बरी आहे."

"दुसरी भेटेल मले. भिवापूर काही ओस नाही पडलं."

"भेटेल," अस्मिता म्हणाली. हे बोलताना आपल्याला काहीच टोचलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "पण मले तुमच्याकडून एक पाहिजे. ते मांडीवरचं पाकीट."

"लिलावात घेतलेलं परत मागते?"

"परत देतातच ना इथं. तुम्ही तर दरवर्षी देता. तर्री बाकी आहे. मी गंजात टाकते."

"माझं खोकं आहे ना तिथं."

"आहे."

तिनं मागे वळून पाहिलं. पोरांच्या रांगेत पुढून दुसरी गोपिका होती, तिच्यामागे रोशनी. दोघी रिकाम्या प्लेटा डोक्यावर धरून एकमेकींना धडका देत होत्या. चंपतरावांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा शेडमधून येणाऱ्या धुराकडे. त्यांचा हात पाकिटावर होता तसाच राहिला. मग त्यांनी ते तिच्या ओंजळीत ठेवलं आणि नजर दुसरीकडे केली.

"पुरेल काय दोन गंजांले?" त्यांनी चिंचेकडे बघत विचारलं.

"भिवापुरी आहे, काका. पुरून उरेल. अन् तुम्ही पण बसा पंगतीत. जागा ठेवते."

तर्री अस्मितानं स्वतः केली. तेलात तिखट पडलं तसा सगळ्या आवाराला ठसका लागला आणि पाळकसाहेबांची आशीर्वादाची प्रार्थना खोकल्यात दोनदा थांबली. बायजाबाईंनी खोकं न फोडता बाजूला सरकवलं. "काहून," असं त्यांनी विचारलं, अस्मिताच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पळी हातात घेतली.

अर्धी पंगत झाल्यावर सतरंजीच्या टोकाला कोणीतरी जड अंगानं खाली बसलं. डबा खुर्चीवरच राहिला होता.

"वाढ," चंपतराव म्हणाले.

तिनं भात वाढला, वर रस्सा घातला. त्यांनी पहिला घास नाकाशी नेला आणि मग तसाच तोंडात घातला. दुसऱ्या घासाला त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. गोपिका त्यांना बघून हसायला लागली, आणि आजोबा म्हणाले, "हस, हस. पाणी दे आधी." त्यांनी दोनदा भात मागून घेतला. सोमवारी मात्र त्यांचा ट्रक नेहमीच्या वेळी भरणार हे तिला माहीत होतं. एका जेवणानं माणूस बदलतो असं मानण्याइतकी ती भोळी नव्हती. पण तिचं ओझं उतरलं होतं, आणि ते परत उचलायचं नाही, हेही तितकंच नक्की होतं.

संध्याकाळी दोघी मायलेकी पायी घरी निघाल्या. आज मिरचीचा दिवस नव्हता, म्हणून रोशनीनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याच्यावर लोंबकळत चालली होती.

"आई, गोपिकाच्या आजोबांचं खोकं तू काहून नाही फोडलं?"

"ते चांगलं नव्हतं, राणी."

"म्हणून आपली मिरची टाकली? सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

रोशनीला हे पटलं. ती चार पावलं उड्या मारत गेली. मग कोपऱ्यावरच्या दुकानापुढे थांबली. दारात त्या खोक्यातल्यासारख्याच लाल चकचकीत पाकिटांची माळ लटकत होती, आणि एक बाई कडेवरचं लेकरू सावरत त्यातलं एक पाकीट तोडून घेत होती. रोशनीनं त्या बाईकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, अन् त्याईले कोण सांगते?"