फाटक्या कागदापुढची गोष्ट

“पुढं काय झालं गं?”

आई असं विचारायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत राखेत असायचे. दुसऱ्याच्या घराचं मागचं दार, दाराशी नळ, नळाखाली भांड्यांचा ढीग, आणि तिच्या पाठीला पाठ टेकवून बसलेली तिची लेक. लेकीच्या हातात वाण्याच्या पुडीचा कागद. आईला अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीची भूक दांडगी. मालकिणीनं साखरेची पुडी सोडली की ती कागद मागून घ्यायची, झटकून, मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ करायची आणि म्हणायची, “वाच.”

गोष्ट नेमकी रंगात यायची आणि कागद फाटलेला असायचा. मग आईचा तो प्रश्न यायचा. लेक मान वर न करता, जिथं काहीच छापलेलं नव्हतं तिथं बोट फिरवत, वाचत राहायची. हाकलून दिलेली सावत्र पोर, वाट चुकलेला म्हातारा, घराबाहेर काढलेली मोलकरीण, सगळी माणसं त्या फाटक्या कडेपलीकडे सुखरूप आपापल्या घरी पोचायची. आई म्हणायची, “बरं झालं बाई.” आणि भांडं उजळताना स्वतःचंच काहीतरी गुणगुणायची:

घासून उजळलं, ताट झालं गं आरसा,
तोंड माझं दिसे त्यात, घास मात्र दुसऱ्याचा.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. लेकीच्या केसांत आता पांढरं दिसू लागलं होतं, आणि वाचणं हेच तिचं पोटाचं काम झालं होतं. रोज दुपारी ती एका निवृत्त प्राध्यापक बाईंकडे जायची. बाईंनी उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलं होतं, आणि त्यातही त्यांचा आवडता विषय एकच, मालक आणि नोकर. खोलीच्या चारही भिंती पुस्तकांनी भरलेल्या. पण डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आलं, आधी अक्षरं गेली, मग चेहरे गेले, शेवटी खिडकीचा उजेड तेवढा उरला. पुस्तकं जागच्या जागी उभी होती, जेवायला बोलावून ताट न वाढलेल्या पाहुण्यांसारखी.

घरात तिसरी बाई म्हणजे स्वयंपाकीणकाकू. तिनं पहिल्याच दिवशी नव्या बाईचं नाव वाचनबाई ठेवलं.

“बसून वाचायचे पैसे मिळतात होय? मी उभ्यानं रांधते तर मला कुणी काही वाचून दाखवत नाही.”

“दार उघडं ठेवते काकू. तुम्ही रांधता रांधता ऐका.”

तेव्हापासून स्वयंपाकघराचं दार दुपारभर उघडं असायचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत काकू गॅस बारीक करायची, गोष्टीत खंड नको म्हणून.

वाचनबाईला हे काम म्हणजे आयुष्याचा प्रसाद वाटायचं. आधी तिनं कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, दवाखान्यात फरशा पुसल्या होत्या. इथं खिडकीशी खुर्ची होती, पायाशी ऊन होतं. बाई तिचे उच्चार सुधारायच्या, कुठं थांबायचं ते शिकवायच्या. “पूर्णविराम म्हणजे भिंत नव्हे गं, उंबरठा आहे. जरा थांब, आणि पाऊल टाक.” एवढ्या मायेनं तिला आईनंतर कुणी काही सांगितलं नव्हतं.

एकच गोष्ट काकूला सलायची. बाई कधी आभार मानत नसत. शाल अंगावर घाला, पाणी द्या, चष्म्याचं रिकामं घर शोधून द्या, बाई नुसती मान हलवायच्या.

“इतकी वर्षं झाली,” काकू एकदा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “भिंतीला सांगितलं असतं तर भिंतसुद्धा एकदा ‘बरं केलंस’ म्हणाली असती.”

बाई हसल्या. “ऐकू येतं मला. डोळे गेलेत, कान नाही.”

“ऐकू यावं म्हणूनच बोलले.”

“मग उत्तरही ऐक. जिला नाही म्हणायची सोय नाही, तिचे आभार मानायचे कसे? बाहेरून कडी घातलेल्या माणसाला, ‘थांबलास, फार बरं केलंस’ म्हणण्यासारखं ते. त्यानं कडी निघत नाही. कडी घालणाऱ्याला तेवढं बरं वाटतं.”

काकूनं पदराला हात पुसले. “म्हणजे मी नाही म्हटलं तर आभार मानाल? मग आज भाजीत मीठ घालत नाही.”

“ते नाही म्हणणं नव्हे. ते विसरणं. ते तू आठवड्यातून एकदा करतेसच.”

तिघी हसल्या. पण वाचनबाईच्या मनात ते कडीचं बोलणं रुतून बसलं. तिला खरंच नाही म्हणता आलं नसतं. नाही म्हटलं की उद्याची दुपार गेली, खुर्ची गेली, ऊन गेलं.

मग त्या जाड पुस्तकाची पाळी आली. एका मोठ्या घरातल्या म्हाताऱ्या दासीची गोष्ट. मालकिणीची अंगठी हरवते, संशय दासीवर येतो. ज्या मुलांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलं ती जिन्यावर उभी राहून बघतात, आणि तिला थंडीत दाराबाहेर काढलं जातं. दार बंद होतं. गोष्ट संपते.

वाचनबाई वाचत होती. अंगठी हरवली, दासी उभी राहिली. वाचनबाई श्वास घ्यायला थांबली, आणि बाई खुर्चीत पुढे झुकून म्हणाल्या, “पुढं काय झालं?”

तोच प्रश्न. राखेच्या हातांचा. पुढचं पान समोर धडधडीत छापलेलं होतं, कुठंही फाटलेलं नव्हतं. तरी तिची जीभ जुन्या वाटेनं गेली. अंगठी मालकिणीच्या हातमोज्याच्या बोटात अडकलेली सापडली. मालकीण स्वतः रस्त्यावर गेली, म्हातारीचा हात धरून तिला घरात घेऊन आली. आणि आधी तिला खुर्ची दिली.

स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, “बरं झालं बाई.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, “उद्या पुढचं पुस्तक घे.”

त्यानंतर सवयच लागली. ज्या पानावर चाबूक उचललेला असे त्या पानावर मालकाचा हात दुखू लागे. उपाशी निजलेल्या आचाऱ्यासाठी कुणीतरी ताट झाकून ठेवलेलं निघे. आपण पगार घेऊन खोटं वाचतो, तेही जिला दिसत नाही तिला, हे तिला कळत होतं. घरी जाताना ते बुटातल्या खड्यासारखं टोचायचं. पण दुसऱ्या दिवशी बाई पुढे झुकायच्या, आणि खडा कुठं गेला ते कळायचं नाही.

बाईंचा भाचा अधूनमधून येई. मनानं चांगला, मावशीवर जीव असलेला, आणि सगळ्या अडचणींवर यंत्र असतं असं मानणारा. एका दुपारी तो डबीएवढं यंत्र घेऊन आला.

“मावशी, हे बोलतं. कुठलंही पुस्तक वाचतं. दिवसभर वाच म्हटलं तरी दमत नाही.”

“चहा पितं का?” काकूनं दारातून विचारलं.

“नाही.”

“मग काय उपयोग. माझ्या चहाला नावं कोण ठेवणार?”

भाच्यानं हसत कळ दाबली. चाचणीसाठी त्यानं तेच जाड पुस्तक निवडलं होतं. मागच्या खेपेला तो शेजारच्या खोलीत बसून ती गोष्ट ऐकत होता. घरी जाऊन त्यानं ती बायकोला सांगितली होती, आणि दोघांचे डोळे भरून आले होते. यंत्र एका सुरात वाचत गेलं, जसं कुणी रेल्वेच्या वेळा वाचतं. अंगठी. संशय. जिन्यावरची मुलं. थंडी. दार बंद झालं.

काकूच्या हातातला चमचा ओट्यावर पडला.

“एक मिनिट,” भाचा म्हणाला. त्यानं मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा दार बंद झालं. मग तो हळूच म्हणाला, “अंगठी हातमोज्यात सापडली होती ना? मी स्वतः ऐकलं होतं.”

वाचनबाईनं मान खाली घातली.

“मावशी, मला वाईट वाटतंय सांगायला. पण या तुला भलतंच काहीतरी वाचून दाखवतात. तुला दिसत नाही, म्हणून.” त्यानं कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि वाचनबाईच्या मांडीवर ठेवलं. “माझी चूक असेल तर मी माफी मागतो. तुम्ही एवढं पान वाचा. जसं छापलंय तसं.”

वाचनबाईनं बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा खिडकीकडे होता. त्या शांतपणे म्हणाल्या, “वाच.”

आता खरं तर सोपं होतं. अक्षरं होती, तिला वाचता येत होतं. सरळ वाचलं असतं तर फार तर बोलणी बसली असती, ‘पान चुकलं होतं’ म्हणता आलं असतं. तिनं बोट ओळीवर ठेवलं. बोटाखाली म्हातारी उभी होती. मागं नळ होता, राख होती, आणि पाठीला लागलेली आईची ऊबदार पाठ.

तिनं पुस्तक मिटलं.

“नाही बाई,” ती म्हणाली. “हे पान मी वाचणार नाही. तेव्हाही वाचलं नव्हतं. तुम्हाला फसवलं, ते खरं आहे. उद्यापासून येऊ नको म्हणालात तर येणार नाही. पण तिला माझ्या तोंडानं मी बाहेर काढणार नाही. ते या यंत्राला सांगा.”

भाच्यानं मावशीकडे पाहिलं. काकू दारात खांबासारखी उभी राहिली.

बाईंनी हात पुढे केला, हवेत चाचपडला, आणि वाचनबाईचं मनगट सापडल्यावर तिथंच थांबवला.

“ते दार मला पाठ आहे गं,” त्या म्हणाल्या. “दरवर्षी मी ते पान वर्गात वाचायचे. मुली रडायच्या, आणि मी फळ्यावर लिहायचे, सत्ता आणि नीती. त्या म्हातारीला कुणी आत घ्यावं, हे मला एकदाही सुचलं नाही. ज्या दिवशी तू हातमोजा काढलास त्याच दिवशी मला कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?” वाचनबाईला रडू आवरेना.

“बोलले असते तर घाबरून दुसऱ्या दिवसापासून सरळ वाचलं असतंस. मला तुझं पुढचं ऐकायचं होतं. लबाडी माझीही झाली.” त्या थोडं थांबल्या. “पण आंधळ्या माणसाला फसवणं बरं नाही. यापुढे बदलायचं असेल तर सांगून बदल. आधी छापलेलं सांग, मग तुझं. दोन्ही ऐकू. भांडू.”

“मला फक्त हिचं ऐकायचंय,” काकू म्हणाली. “छापलेल्याच्या वेळी मी दार लावून घेईन.”

भाच्यानं यंत्र बंद केलं. “मग हे परत नेऊ?”

“राहू दे. शब्दकोश वाचायला ठेवू. त्यात कुणाला घराबाहेर काढत नाहीत.” मनगटावरचा हात बाईंनी अजून काढला नव्हता. त्यांनी चेहरा वळवला. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी नेमका तिच्याकडे. ओठ दोनदा हलले आणि मिटले, पहिल्यांदाच शब्द जुळवणाऱ्या मुलासारखे.

“मी वाच म्हटलं आणि तू नाही म्हणालीस,” त्या म्हणाल्या. “आता म्हणता येईल मला. तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर. आणि काकू, दारात उभी आहेस ना, तुझेही. तू तर उलट बोलून रोजच नाही म्हणतेस, मीच ते ऐकलं नाही.”