नळीखालचा कागद

कागदाची पट्टी रायफलच्या नळीखाली सरकता सरकता मध्येच अडली, तशी सुलेखा खुर्चीतून उठलीच.

"बाबा, हे बघा! दस्ता नळीला टेकतोय. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवली की दस्त्याचं हे हलकं प्लास्टिक वाकतं. मग गोळी भलतीकडे जाणारच."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मी म्हणत होतो ना?" श्रीपादरावांचा चेहरा खुलला.

तिचे हे सासरे तरुणपणी जर्मनीत ब्योबलिंगेनला आले, कारखान्यात राबले, आणि निवृत्तीनंतर चक्क शिकारीची परीक्षा पास होऊन त्यांनी ही स्वस्तातली रायफल घेतली. पुण्याचे नातेवाईक अजून तोंडात बोटं घालतात. पण गेल्या पानगळीत त्यांचा नेम चुकला आणि हरीण तीन पायांवर लंगडत झाडीत गेलं. ते सापडलंच नाही. तेव्हापासून बाबांच्या घरभर येरझाऱ्या चालल्या होत्या. "दोष माझा असेल तर शिकार सोडून देईन," ते म्हणाले होते, आणि त्या एका वाक्याने सुलेखाचीही झोप उडाली होती.

प्लास्टिकचे साचे हा तिच्या नोकरीचाच विषय. तिने बाबांसमोर दस्ता सुटा केला, नळीसाठीची खाच घासून रुंद केली, रायफलचं धड ज्या खोबणीत बसतं तिथे इपॉक्सी भरून ते घट्ट बसवलं. काम संपेपर्यंत तिला चैन नव्हतं.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर गाडी नेहमीप्रमाणे बाबांनीच चालवली; किल्ली ते कुणाच्या हाती देत नसत. तिथले देखरेख करणारे केलर आधी बाबांचीच रायफल घेऊन बसले. त्यांच्या तिन्ही गोळ्यांची भोकं एका युरोच्या नाण्याखाली झाकली गेली असती. सुलेखाने टाळीच वाजवली. मग श्रीपादराव बसले. एक गोळी वर लागली, एक पार कडेला. तिसरीचं भोक शोधूनही सापडेना.

आपण इतकं चोख काम करायला नको होतं, असं सुलेखाला अगदी मनापासून वाटलं.

"आल्झो, म्हणजे अजून कुठेतरी टेकत असेल, बाबा. मी परत घासते ना."

त्यांनी रायफल रिकामी करून पिशवीवर ठेवली, खिशातून तीच पट्टी काढली आणि नळीखाली सारली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. त्यांनी पुन्हा सारली. पुन्हा गेली.

"कुठे टेकतंय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबांनी रायफल पेटीत ठेवून कुलूप लावलं. गाडीपाशी आल्यावर ते सवयीने चालकाच्या दाराशी गेले, थांबले आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले.

"घे," त्यांनी किल्ली पुढे केली. "तू चालव."